मंगळवारची पुस्तकगाडी बंद करू नका

गेल्या आठवड्यात ग्रामपंचायतीत एक पत्र आलं. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी ते झेरॉक्सला माझ्या दुकानात पाठवलं म्हणून मला लगेच कळलं, नाहीतर बोर्डावर लागल्यावर चार दिवसांनी कुणीतरी सांगितलं असतं. पत्र साधंच आहे, अर्ध्या पानाचं. वाचकांचा प्रतिसाद घटलेला आहे, डिझेल आणि देखभालीचा खर्च परवडत नाही, सबब फिरते ग्रंथालय ही सेवा मार्चअखेर बंद करण्याचे विचाराधीन आहे, आपले सहकार्य अपेक्षित आहे. खाली सही, शिक्का. मी ते मशीनवर ठेवलं, कॉपी काढली आणि मग अजून एक कॉपी स्वतःसाठी काढून घेतली, कारण तेव्हाच ठरवलं होतं की हे गप्प बसून होऊ द्यायचं नाही.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोयनेच्या वरच्या अंगाला. गाव म्हणजे एक मूळ गावठाण आणि डोंगराच्या कडेकडेनं पसरलेल्या वाड्या. निम्म्याहून जास्त घरांतले पुरुष मुंबईला, कुणी माथाडीत कुणी कंपनीत, घरी म्हातारी माणसं, बायका आणि शाळेतली पोरं. एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी मुक्कामाची एक. आणि मंगळवारी पुस्तकांची गाडी. जिल्ह्यातल्या एका जुन्या ग्रंथालयाची ती गाडी आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण आमचं भांडण त्या लोकांशी नाहीये, इतकी वर्षं त्यांनीच ती डोंगरात आणली, आता ती त्यांनी थांबवू नये एवढंच म्हणणं आहे.

ज्यांनी अशी गाडी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते. टेम्पोच आहे, पण आतून दोन्ही बाजूंना पत्र्याचे कप्पे मारलेत, प्रत्येक कप्प्याला आडवी लोखंडी पट्टी, कारण घाटात वळणावर पुस्तकं सगळी अंगावर येतात. मागचं दार उघडलं की दोन पायऱ्या खाली येतात. ड्रायव्हरमामा गाडी लावून आधी चाकाला दगड लावतात, मग स्टूल बाहेर काढतात, त्यावर रजिस्टर, शाईचं पॅड आणि तारखेचा शिक्का. ग्रंथपाल वेगळा येत नाही, तीन-चार वर्षांपासून मामाच गाडी चालवतात आणि मामाच देवघेव करतात. लहान मुलं आत चढतात, मोठी माणसं बाहेर उभी राहून "ते दोन नंबरच्या कप्प्यातलं निळं दे बघू" असं करतात. पुस्तक मिळालं की मागच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारीख पडते. अनामत पन्नास रुपये, तीसुद्धा मामांनी कित्येकांची दोन हप्त्यांत घेतलीय.

आता कोण वाचतं ते सांगते, कारण पत्रात "वाचक" हा एकच शब्द आहे आणि माझ्या डोळ्यांपुढे माणसं येतात.

वरच्या वाडीतल्या एक आक्का आहेत, वय सत्तरच्या पुढे. चौथीपर्यंत शाळा. नवरा गिरणीत होता, संपानंतर गावी आला, आता नाही. आक्का कादंबऱ्या वाचतात आणि त्यांना सलग मोठ्या कादंबऱ्याच लागतात, कथासंग्रह दिला की म्हणतात "ह्ये लगीच संपतंय, माणसाशी वळख व्हायच्या आत". दोन-तीन भागांची कादंबरी असली की मंगळवारी सकाळपासूनच त्यांची घाई सुरू. वाडीवरून खाली यायला त्यांना पाऊण तास लागतो, येताना पुस्तक पदरात गुंडाळून, गाडीपाशी आल्यावर पहिला प्रश्न, "म्होरला भाग आणलाय का?" मामा नाही म्हणाले तर रजिस्टरच्या मागच्या पानावर त्यांच्यादेखत लिहून घेतात. आणि पुढच्या वेळी तो भाग येतोच, हे मी स्वतः बघितलंय.

दुसरी भरतीवाली पोरं. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. ह्यांचे फॉर्म माझ्याच दुकानात भरले जातात त्यामुळे मला प्रत्येकाचं माहीत असतं, कुणाचा कितवा प्रयत्न, कुणाची वयोमर्यादा संपत आली. पुण्यात अभ्यासिका लावायची म्हणजे खोली, मेस, अभ्यासिकेची फी, घरातली एक म्हैस विकावी लागते. ज्यांना ते जमत नाही ती पोरं आणि विशेषतः पोरी इथंच अभ्यास करतात, सकाळी रस्त्यावर पळतात, दुपारी मारुतीच्या देवळात बसतात. सामान्य ज्ञानाचं, व्याकरणाचं, गणित-बुद्धिमत्तेचं एकेक पुस्तक चारशे-पाचशेचं झालंय आणि दरवर्षी नवीन आवृत्ती. गाडीत ती पुस्तकं येतात, पोरं आपसात ठरवून घेतात, तू हे घे मी ते घेतो, आठवड्याने बदलू.

आणि तिसरी शाळेतली लेकरं. जिल्हा परिषदेच्या शाळेत पुस्तकांचं कपाट आहे पण त्यातली पुस्तकं पोरांनी दोन-दोनदा वाचून संपवलीत. माझीच मुलगी दुसरीत असताना गाडीत चढली की खाली उतरायलाच तयार नसायची. तिला जोडाक्षरं शाळेने शिकवली पण वाचायची गोडी लागली ती त्या पत्र्याच्या कप्प्यांपुढे मांडी घालून बसल्यावर.

तर आता "प्रतिसाद घटला" ह्याबद्दल. घटला हे खरंय. रजिस्टरवर आज लागतात त्यापेक्षा आधी नावं जास्त होती, खूप जास्त. पण का घटली हे पत्रात नाही आणि तेच मला सगळ्यांना ओरडून सांगायचंय.

मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला, गाडी थांबली. सगळंच थांबलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. मग जुलै २०२१ मध्ये आमच्या पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या, माणसं गेली, रस्ते तुटले, तेव्हाही गाडी येणं शक्य नव्हतं. पण त्यानंतर गाडी सुरू झाली ती कशी, तर कधी मंगळवारी, कधी बुधवारी, कधी पंधरा दिवसांनी, कधी महिन्याने. आधी संध्याकाळी यायची ती आता भर दुपारी बारा-एकला यायला लागली, कारण मामांना त्याच दिवशी अजून गावं जोडली. दुपारी बारा वाजता गावात कोण असतं? बायका रानात, पोरं शाळेत, भरतीवाल्यांपैकी निम्मे कुणाच्या तरी कामावर. आक्का वाडीवरून उतरून आल्या आणि गाडी आलीच नाही असं दोन-चारदा झालं, मग गुडघे दुखायला लागल्यावर त्या कशाला उतरतील?

हे मी अंदाजानं बोलत नाहीये. पुरावा आमच्या घराघरात पडलेला होता. पुस्तकाच्या मागच्या पानावरची ती तारखेची चिठ्ठी! पत्र आल्यावर आम्ही दोघी-तिघींनी गावात ज्यांच्याकडे गाडीतली पुस्तकं आहेत ती सगळी बघायला मागितली आणि मी त्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स काढल्या. जुन्या पुस्तकांवर २०१८-१९ चे शिक्के बघा, सात दिवस, सात दिवस, सात दिवस, पावसाळ्यात एखादा चुकलेला, पुन्हा सात दिवस. मग मोठी मोकळी जागा. आणि त्याच्या खाली जे शिक्के आहेत त्यांच्यात काही मेळच नाही, एक महिना, मग दहा दिवस, मग दीड महिना. एकच पुस्तक, एकच चिठ्ठी, वरचा अर्धा भाग आणि खालचा अर्धा भाग, कुणालाही शेजारी ठेवून दाखवा. आधी फेरी बिघडली, मग वाचक तुटले. आणि आता तुटलेल्या वाचकांचा आकडा दाखवून फेरीच बंद करायची असं चाललंय.

ही रीत आम्हाला नवीन नाही म्हणा. एसटीचं बघितलंय, आधी गाडी वेळेवर सोडायची नाही, लोक वडापच्या जीपने जायला लागले की भारमान कमी म्हणून ती फेरीच रद्द. शाळांचं बघतोय, पट २० च्या आत आला की समूह शाळेची, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा एकात घालायची, भाषा सुरू होते, पण शिक्षक एकच ठेवला म्हणून पालकांनी पोरं बाहेर घातली हे कुठल्याच अहवालात येत नाही. डोंगरातली कुठलीही सोय अशीच जाते, एका दिवसात कुणी काढून घेत नाही, आधी तिच्यावरचा भरवसा काढून घेतात. लोकांना एकदा वाटलं की हिचं काही खरं नाही, की ते स्वतःच दुसरी वाट धरतात.

"आता सगळं मोबाईलवर मिळतं" हे वाक्य तर मी इतक्यांदा ऐकलंय. आमच्या गावातच काही लोक म्हणाले. मिळतं की, मी नाही म्हणत नाही. बालभारतीने 'किशोर' मासिकाचे जुने अंक ऑनलाइन ठेवलेत, १९७१ पासूनचे, फार मोठं काम केलंय त्यांनी, मी स्वतः दुकानात पोरांना काढून दाखवते. पण वरच्या वाडीत रेंज यायला वडाच्या पाराजवळ यावं लागतं. घरात मोबाईल एक, तो नवऱ्याबरोबर मुंबईत किंवा मोठ्या मुलाच्या हातात. आणि मोबाईल पोराच्या हातात दिल्यावर ते काय बघतं हे मला कुणी सांगायला नको, गोष्ट वाचताना वरून नोटिफिकेशन आलं की गोष्ट गेली. आक्कांना तर मोबाईलवर अक्षरं दिसतच नाहीत. २०२३ च्या केंद्रीय बजेटमध्ये मुलांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची घोषणा झाली तेव्हा त्याच भाषणात असंही म्हटलं होतं की राज्यांनी पंचायत आणि वॉर्ड पातळीवर प्रत्यक्ष ग्रंथालयं उभारावीत म्हणून त्यांना प्रोत्साहन देऊ. म्हणजे डिजिटलची घोषणा करणाऱ्यांनाही कागदाचं पुस्तक गावात असायला पाहिजे हे मान्य होतं.

ग्रंथालयाच्या विश्वस्तांना भेटायला आम्ही गेलो होतो, त्याबद्दल आता लिहिते. मी, शाळेतले गुरुजी, भरतीवाल्यांतली एक मुलगी आणि आमच्या बचतगटाच्या अध्यक्ष वहिनी. चहा दिला, बसवून घेतलं, नीट बोलले, हे सांगितलंच पाहिजे. त्यांची अडचण खरी आहे. गाडी जुनी, दरवर्षी पासिंग करायला काढली की काम निघतं. ड्रायव्हरचा पगार. डिझेल. आणि सरकारचं अनुदान ग्रंथालयांना मिळतं ते पुरत नाही. महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा, अ ब क ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे अनुदान. २०१२ साली महसूल खात्याकडून राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली, काही ग्रंथालयं फक्त कागदावर निघाली, पण त्यानंतर कित्येक वर्षं नवीन मान्यता आणि वर्गवाढ थांबली त्यात प्रामाणिकपणे चालणारीही अडकली. २०२२ च्या अखेरीला मंत्रिमंडळाने अनुदान ६० टक्के वाढवलं, पण इतकी वर्षं रखडलेली वाढ मिळाली तरी महागाई तोवर पुढे निघून गेलेली असते. तिकडे तमिळनाडू, कर्नाटकात मालमत्ता कराबरोबर ग्रंथालयाचा कर गोळा होतो, थोडा थोडा, पण हक्काचा. आपल्या कायद्यात तो कर ठेवलाच नाही. त्यामुळे आपल्याकडची ग्रंथालयं दरवर्षी अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसतात. मला हे फार लागतं, कारण भारतातला पहिला ग्रंथालय कायदा आपल्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानाने केला होता, १९४५ साली, स्वातंत्र्याच्याही आधी. आमच्या पाटणपासून कोल्हापूर असं कितीसं लांब आहे!

विश्वस्तांपैकी एकांनी एक पर्याय सुचवला. गाडीऐवजी पेटी. म्हणजे प्रत्येक गावात पुस्तकांची एक पेटी ठेवायची, तीन-चार महिन्यांनी बदलायची. पर्याय वाईट नाही आणि मी त्यावर खूप विचार केला. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ पासून 'ग्रंथ तुमच्या दारी' म्हणून शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या, दुबईपर्यंत मराठी लोकांनी त्या नेल्या. आणि त्याच्या शंभर वर्षं आधी बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी हेच केलं होतं. सयाजीराव म्हणजे आपल्या मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. त्यांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून घेतले आणि संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, लाकडी पेट्यांमधून पुस्तकं खेड्यांत पाठवली, गावकऱ्यांना त्याचं भाडंसुद्धा पडायचं नाही. १९०६ लाच त्यांनी सगळ्या संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण लागू केलं होतं, म्हणजे आधी वाचायला शिकवलं आणि मग वाचायला पुस्तक पोचवलं. आपण पहिलं काम केलं आणि दुसरं अर्धवट सोडलं असं मला वाटतं.

पण पेटी आणि गाडी ह्यांत फरक आहे. पेटी कुणाच्या तरी घरात राहते. ज्याच्या घरात राहते त्याच्या घरी सगळ्या वाड्यांतल्या सगळ्या बायका जातीलच असं नाही, गावात कोण कुणाच्या उंबऱ्यात जातं ह्याचे जुने हिशेब असतात आणि ते मिटलेत असं कुणी छातीठोकपणे म्हणू नये. गाडी रस्त्यावर उभी राहते. रस्ता सगळ्यांचा. बौद्धवाडीतली पोरं आणि गावठाणातली पोरं त्या दोन पायऱ्यांवर खांद्याला खांदा लावून बसलेली मी बघितलीयत, आमच्या गावात अशा जागा फार नाहीत. शिवाय पेटीला "म्होरला भाग आण" असं सांगता येत नाही. मी विश्वस्तांना हे असंच सांगितलं. तमिळनाडूत मन्नारगुडीला १९३१ च्या ऑक्टोबरमध्ये बैलगाडीतून पुस्तकं खेडोपाडी न्यायला सुरुवात झाली, रंगनाथन त्याच्यामागे होते, ज्यांच्या जन्मदिवशी १२ ऑगस्टला आपण ग्रंथपाल दिन करतो तेच. त्यांच्याकडे तेव्हा बैलगाडी होती म्हणून बैलगाडी. तेव्हा जमलं. आज आमच्याकडे डांबरी रस्ता आहे, टेम्पो आहे, चालवणारा माणूस आहे, तरी जमत नाही म्हणायचं?

आमच्याच जिल्ह्यात भिलार आहे, २०१७ पासून पुस्तकांचं गाव. मी गेलेय, घराघरात पुस्तकं मांडलेली, फार छान वाटतं, सगळ्यांनी जाऊन या. पण भिलारला जावं लागतं. आमच्या आक्का भिलारला जाणार नाहीत.

गावात सगळेच आमच्या बाजूने आहेत असं नाही, तेही लिहिते. सह्या गोळा करायला फिरलो तेव्हा एक तात्या म्हणाले, "उन्हाळ्यात टँकर लागतोय, दवाखान्याला डॉक्टर न्हाई, आन तुमी पुस्तकाच्या गाडीसाटी सह्या घेताय?" बरोबर बोलले. त्यांच्याशी वाद घालावा असं मला वाटलं नाही. मी एवढंच म्हटलं की तात्या, डॉक्टरसाठी अर्ज लिहायचा झाला तर तो लिहिणारी पोरं ह्याच गाडीवर तयार होतात, आणि टँकरच्या अर्जाला मी पैसे घेत नाही तसे ह्यालाही घेत नाही. त्यांनी सही केली. त्यांच्या सुनेने आतून येऊन वेगळी सही केली, सासऱ्याच्या सहीखाली नाही, स्वतंत्र ओळीत. ती दर मंगळवारी दिवाळी अंक न्यायची, जुने, चार-पाच वर्षांपूर्वीचे, हे मला माहीत होतं, तात्यांना माहीत नसावं.

शाळेतल्या पोरांनी पोस्टकार्डं लिहिली. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना मिळतं हे पोरांना पटतच नव्हतं. गुरुजींनी काय लिहायचं ते सांगितलं नाही, हे फार बरं केलं. एकाने लिहिलंय की मला भुताचं पुस्तक अर्धं राहिलंय ते संपेपर्यंत तरी गाडी पाठवा. एकीने स्वतःच्या गाईचं नाव, वासराचं नाव सगळं लिहून शेवटी जागा उरली नाही म्हणून पत्त्याच्या बाजूला लिहिलंय "गाडी पाठवा". ती सगळी कार्डं विश्वस्तांकडे गेलीत आणि त्यांची झेरॉक्स माझ्याकडे फाईलला आहे, आमदारसाहेबांकडे आणि जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे निवेदन देताना जोडणार आहे.

आता मागणी काय, कारण नुसतं "बंद करू नका" म्हणून चालत नाही, समोरचा विचारतो मग काय करू ते सांगा. आम्ही हे सांगितलंय. गाडीचा दिवस आणि वेळ ठरवा आणि सहा महिने ती पाळा, त्यानंतर रजिस्टर बघा. सहा महिन्यांनंतरही नावं वाढली नाहीत तर आम्ही स्वतः म्हणू की ठीक आहे. पण आधी वेळ. आणि वेळ संध्याकाळची, डेअरीच्या वेळेला. हे बचतगटाच्या वहिनींच्या डोक्यातून आलं आणि इतकं बरोबर आहे की आधी कुणाला कसं सुचलं नाही असं वाटतं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला दूध घालायला प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी डेअरीवर येतंच, वाड्यांवरूनसुद्धा येतं, किटली घेऊन रांगेत उभं राहतं. गाडी तिथेच दहा पावलांवर लावायची. आक्कांचं पुस्तक दूध घालायला येणारा त्यांचा नातू नेईल-आणेल, आक्कांना उतरायलाच नको.

अंधार पडतो म्हणून मामांना परतीचा घाट रात्री नको वाटतो, हा मुद्दा विश्वस्तांनी काढला आणि तो योग्यच आहे, मामांचंही वय झालंय. त्यावर आम्ही म्हटलं की मामांनी मंगळवारी इथे मुक्काम करावा. शाळेची जुनी खोली रिकामी आहे, जेवण बचतगटाकडून. बुधवारी सकाळी खालच्या दोन गावांच्या डेअऱ्या सकाळच्या दुधाला धरून मग त्यांनी परत जावं. म्हणजे फेरी एकच, घाट एकदाच चढायचा, गावं तीन. डिझेल वाचतं ते वेगळंच. खालच्या दोन्ही गावांच्या सरपंचांशी बोलणं झालंय, एकांनी लगेच होकार दिला, दुसरे म्हणाले ग्रामसभेत ठराव आणा मग बघू. आणि डिझेलचा काही वाटा तिन्ही ग्रामपंचायतींनी आपापल्या स्वनिधीतून उचलावा, घरपट्टी-पाणीपट्टी वसूल होते त्यातून, रक्कम तिघांत विभागली तर कुणालाच जड नाही. मुंबईकर मंडळाने गाडीचे टायर घेऊन द्यायचं कबूल केलंय, गणपतीला येतात तेव्हा वर्गणी काढतात ते मंडळ, फोनवरच म्हणाले, "वहिनी, आम्ही लहानपणी ह्याच गाडीतून वाचलंय, टायर आमच्याकडं लागले."

मामांना विचारल्याशिवाय आम्ही त्यांच्या मुक्कामाचं ठरवलं नाही हेही सांगते. त्यांना फोन केला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, पाण्याची बाटली आणि चादर माझी मी आणीन. त्यांची नोकरी कंत्राटी आहे. गाडी थांबली तर त्यांचं काय, हा विषय पत्रात एका शब्दानेही नाही.

विश्वस्तांनी अजून होकार दिलेला नाही. त्यांनी एवढंच मान्य केलंय की मार्चच्या आधी पुन्हा एक बैठक घेऊ आणि तुमच्या तिन्ही गावांचे ठराव आमच्यापुढे ठेवा. म्हणजे आता सगळं २६ जानेवारीच्या ग्रामसभेवर आहे. विषयपत्रिकेवर विषय घ्या असा लेखी अर्ज मी भाऊसाहेबांकडे दिलाय आणि पोच घेतलीय, कारण ऐनवेळचे विषय म्हणून शेवटी घेतलं की तोवर निम्मे लोक उठून गेलेले असतात. सूचक बचतगटाच्या वहिनी, अनुमोदक भरतीवाली मुलगी. ठरावात गाडीचा दिवस, वेळ, थांबा आणि डिझेलचा वाटा ह्या चारही गोष्टी स्पष्ट लिहायच्यात, मोघम "सेवा सुरू ठेवावी" असा ठराव झाला तर त्याचा उपयोग नाही. महिलांची ग्रामसभा त्याच्या आधी असते, तिथेही हा विषय घेणार आहोत आणि खरं तर मला त्याच सभेवर जास्त भरवसा आहे.

आमच्या भागातले जे कुणी हे वाचत असाल त्यांना हात जोडून विनंती, २६ तारखेला सकाळी झेंड्याला आलात की तसेच थांबा, घरी जाऊन परत येऊ म्हणू नका. कोरम झाला नाही तर सभा तहकूब होते आणि आमच्या हातात तेवढे दिवस नाहीत. मुंबई-पुण्यातल्यांनी घरी फोन करून आईला, वहिनीला पाठवा. ज्यांच्याकडे गाडीतली जुनी पुस्तकं राहिलीत, लॉकडाऊनपासून परत द्यायची राहून गेलीत, त्यांनी ती माझ्या दुकानात आणून द्या, दंड वगैरे काही नाही, मामांशी बोलणं झालंय. त्या चिठ्ठ्यांवरचे शिक्के पण आम्हाला लागणार आहेत. दुकान सकाळी नऊला उघडतं, बाजारच्या दिवशी आठला.